बंगला, रो-हाऊस की लिफ्टवाला फ्लॅट?

कोथरूडचा टूबीएचके विकून पुढचं घर घ्यायचं ठरलं आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. मला बंगला हवा होता, बायकोला लिफ्ट. तडजोड म्हणून रो-हाऊसही पाहून झाली. चिंचवडपासून तळेगाव दाभाड्यापर्यंत आठ महिने वणवण केली आणि शेवटी तळेगावात एक जुना बैठा बंगला घेतला. त्यात आता तीन पावसाळे काढलेत. त्यामुळे पुढचं लिखाण थोडं बंगल्याच्या बाजूने झुकेल, थोडं त्याच्यावर वैतागून असेल.

आधी भाव. फ्लॅटचा भाव कार्पेटवर, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेवर सांगतात, बंगल्याचा जमिनीच्या गुंठ्यावर, आणि आपण दोन्ही एकाच कागदावर मांडून भांडत बसतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आमचा प्लॉट अडीच गुंठ्यांचा आणि बांधकाम जेमतेम ११५० फूट. मालक बांधकामाचं कौतुक करत होते, सागवानी दारं ठोकून दाखवत होते. पण पंचवीस वर्षांच्या बंगल्यात आपण पैसे मोजतो ते मुख्यतः जमिनीचे. घर दरवर्षी जुनंच होत जातं. फ्लॅटमध्ये जमीन सोसायटीची, तीही अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालं असेल तर. कितीतरी सोसायट्यांत ते अजून झालेलं नाही आणि जमीन बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे. फ्लॅट घेणाऱ्याने हा प्रश्न सेक्रेटरींना पहिल्याच भेटीत विचारावा.

कर्जाचा हिशेब तिन्ही प्रकारांत सारखाच. ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यांचे पैसे खिशातूनच काढावे लागतात. जुन्या घराच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर वाचवायचा असेल तर नवीन घर दोन वर्षांत विकत घ्यावं लागतं किंवा तीन वर्षांत बांधून पुरं करावं लागतं. रिकामा प्लॉट घेऊन सावकाश बांधू म्हणणाऱ्यांनी ही तीन वर्षं भिंतीवर लिहून ठेवावीत. आर्किटेक्ट, मंजुरी आणि पावसाळा यांत पहिलं वर्ष कधी संपतं ते कळतही नाही.

कागदपत्रांत मात्र फ्लॅट सरळ पुढे. महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा नोंदणी नंबर, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट, एवढ्यावर बरंचसं चित्र स्पष्ट होतं. बंगल्याला सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, बिनशेतीचा आदेश, मंजूर लेआउट, बांधकामाचा मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला असा गठ्ठा लागतो. एक बंगला आम्हाला इतका आवडला होता की बायकोने पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला. सातबारा मागितला तर त्यावर चौदा नावं. मालक म्हणाले, "अहो, कुणाचं कुठलं ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे." सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कागदाला नव्हतं. १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या अशा जमिनींच्या स्वतंत्र नोंदी वर्षानुवर्षं अडकून पडल्या. अलीकडे नियम सैल झालेत. तरी स्वतंत्र उतारा हातात पडल्याशिवाय इसार देऊ नये, असं माझं मत आहे. आम्ही चहा पिऊन निघालो.

आणखी एक, मोजणी. कंपाउंडची भिंत म्हणजे हद्द नव्हे. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा हद्द दाखवणारा नकाशा घ्या. आमच्या व्यवहारात मागची भिंत शेजाऱ्यांच्या हद्दीत दीड फूट निघाली. खरेदीखताआधी कळलं म्हणून किंमत उतरली, नाहीतर ते भांडण आम्ही पैसे देऊन विकत घेतलं असतं.

रो-हाऊस हा दोन्हींतला सुवर्णमध्य, असं एजंट सांगतात. मला तो पटला नाही. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर बेडरूम, त्याच्या वर आणखी एक, म्हणजे दिवसभर जिना. चष्मा वर राहिला की पंधरा पायऱ्या. शेजाऱ्याच्या बाथरूमची ओल सामाईक भिंतीतून आपल्या हॉलमध्ये येते आणि दुरुस्ती कुणी करायची यावर महिनाभर बोलणी चालतात. पुढेमागे पाडून नव्याने बांधायचं तर एकट्याला हलता येत नाही. शिवाय पाच-सहा रो-हाऊसच्या स्कीमला महारेराचा नंबर असेलच असं नाही, कारण ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत घरं असतील तर नोंदणीतून सूट आहे. लहान मुलं आणि दणकट गुडघे असलेल्या तिशीतल्या जोडप्याने जरूर घ्यावं. सामाईक गेट आणि वॉचमन ही त्यांची खरी सोय आहे.

आता पावसाळा. घर आम्ही मे महिन्यात पाहिलं. भिंतींना ताजा डिस्टेंपर, सगळं कसं लख्ख. जुलैत पश्चिमेकडच्या बेडरूममधलं कपाट उघडलं तर कोंदट वास आणि मागच्या भिंतीला तळहाताएवढे पोपडे. गच्चीचा कोबा फोडून नव्याने करावा लागला. त्याच महिन्यात एका रात्री अकरा वाजता मी गच्चीवर घोटाभर पाण्यात उभा होतो. आंब्याची पानं पावसाळी पाइपच्या तोंडाशी अडकली होती आणि कपड्यांचा हँगर सरळ करून मी ती उपसत होतो. कोथरूडला महिन्याला मेंटेनन्स देऊन मी सेक्रेटरींच्या नावाने बोटं मोडायचो. इथे सेक्रेटरी मी, प्लंबरला फोन करणारा मी आणि तक्रार ऐकून घेणाराही मीच. म्हणून बंगला पाहायचाच तर भर पावसात पाहा, कपाटं पुढे सरकवून पाहा आणि प्रत्येक खोलीत नाकाने वास घ्या.

कुलूप लावून महिनाभर बाहेर जायचं असेल तर फ्लॅटला तोड नाही. आम्हाला मुलीकडे जायचं झालं की झाडांना पाणी कोण घालणार, रात्री बाहेरचा दिवा कोण लावणार, इथून तयारी सुरू होते. ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि जे वर्षातले चार महिने तिकडेच असतात, त्यांनी बंगल्याचा नाद सोडावा, हे मी अगदी जवळच्या मित्रालाही सांगितलं.

बंगल्याने दिलं काय? गच्ची आपली असल्याने तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, केंद्राचं ७८,००० रुपयांचं अनुदान मिळालं आणि त्यासाठी कुणाच्या सर्वसाधारण सभेत हात जोडावे लागले नाहीत. पायरीवर बसून शेंगा सोलता येतात. मेमध्ये रायवळ आंबे इतके पडतात की वाटून वाटून कंटाळा येतो. बायको हल्ली लिफ्टचं नाव काढत नाही, पण बाथरूममध्ये आधाराचे दांडे आणि पुढच्या तीन पायऱ्यांशेजारी उतार तिने पहिल्याच वर्षी करून घेतला. हा बंगला दुमजली असता तर मी तिचंच ऐकलं असतं.