एका पायात हाय-फ्लेक्स, दुसऱ्यात साधा: दोन्ही गुडघे वापरून झाल्यावर

माझ्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे ऑपरेशन करून बदललेत. उजव्या गुडघ्यात हाय-फ्लेक्स, म्हणजे जास्त वाकावा म्हणून बनवलेला सांधा आहे, मागचं लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) काढून बसवतात तो पीएस प्रकार. डाव्यात साधा कोबाल्ट-क्रोम धातूचा सीआर, म्हणजे लिगामेंट राखणारा. डाव्यालाही आता वर्ष उलटून गेलं.

उजवा केला तेव्हा "ताई, मांडी घालून पूजेला बसाल" असं सांगून हाय-फ्लेक्स सुचवला होता. हा सांधा १५५ अंशांपर्यंत वाकेल असा बनवलेला असतो. माझा १२० च्या आसपास थांबतो आणि डावाही तिथेच थांबतो. कोरियात ५० रुग्णांच्या एका गुडघ्यात साधा आणि दुसऱ्यात हाय-फ्लेक्स बसवून केलेला अभ्यास २००५ मध्ये छापून आला. त्यातही वाकण्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नव्हता. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता, यावर पुढचं पुष्कळसं ठरतं. माझे दोन्ही आधीच आखडलेले होते.

संताप येतो तो पैशांचा. ऑगस्ट २०१७ मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, सांध्यांच्या किमती बांधल्या तेव्हा साध्या सांध्याला ५४,७२० आणि हाय-फ्लेक्सला ५६,४९० रुपये ठरले, जीएसटी वेगळा. फरक अवघा १,७७० रुपयांचा! माझ्या हॉस्पिटलने मात्र हाय-फ्लेक्सचं 'पॅकेज' कितीतरी हजारांनी चढं लावलं आणि बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवलीच नाही. डाव्याच्या वेळी दुसरीकडे गेले आणि कंपनी, बॅच नंबर, किंमत, सगळं बिलावर लिहून घेतलं.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. मांडी घालता येते का, हे भेटेल तो विचारतो. पाय पूर्ण सरळ होतो का, हे कुणीच विचारत नाही, आणि सगळं चालणं त्यावर आहे. उजव्याच्या वेळी वॉर्डात दुखू नये म्हणून गुडघ्याखाली उशी दिली, घरीही तीच राहिली. गुडघा किंचित वाकलेलाच राहिला. तसा पाय घेऊन उभं राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू सतत ताणलेला राहतो. ओट्याशी पोळ्या होईपर्यंत मांडी भरून यायची. डाव्याच्या वेळी फिजिओ मॅडमनी पहिल्या दिवसापासून टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायला लावली, गुडघ्याखाली काहीही नाही, आणि गुडघा खाली दाबायचा. जीव जायचा. पण डावा पाय सरळ झाला.

डाव्याचे पहिले काही महिने मी सगळ्यांना साधा सांधाच चांगला म्हणून सांगत होते. पुढे त्याच मॅडमनी उजव्यालाही हाच व्यायाम सुरू केला आणि इतक्या उशिरासुद्धा तो बराच सरळ झाला. लंगडणं जवळजवळ गेलं. त्यामुळे सीआर की पीएस, यावर माझं आता काही म्हणणं उरलं नाही. फिजिओ कोण आणि किती दिवस येणार, हे मी आधी विचारीन.

बाकी किरकोळ. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा दोन्हीकडे आहे. चालताना कधी टक् असा आवाज येतो, तो धातू-प्लास्टिकचा, घाबरायचं कारण नाही. गुडघे टेकवत नाही. जिना चढते सरळ, उतरताना कठडा धरते. पूजा खुर्चीवर बसून करते.

'गोल्डन', म्हणजे धातूवर सोनेरी लेप दिलेल्या सांध्यासाठी जास्तीचे पैसे सांगत असतील तर आधी विचारा, तुम्हाला निकेलची ॲलर्जी आहे का. नसेल तर ते पैसे फिजिओथेरपीला ठेवा.