दादरची कराओके खोली आणि पुरुषांची पट्टी

दादर स्थानकाजवळच्या या छोट्या कराओके खोलीत, तयारीचा गळा नसलेल्या माझ्यासारख्या पुरुषालाही निर्धास्त गाता येते, कारण येथील यंत्रावर गाण्याची पट्टी अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली उतरवता येते. अरुण दाते यांचे ‘या जन्मावर, या जगण्यावर’ संयत स्वरातले असल्याने आवाज न चढवता म्हणता येते. १९६९च्या ‘आराधना’तील किशोरकुमारांचे ‘मेरे सपनों की रानी’ उडत्या चालीचे असूनही, ध्रुवपद सर्वांनाच पाठ असल्यामुळे, निभावून जाते. रफींच्या वरच्या पट्टीतील गाण्यांना (निदान पहिल्या तासात) हात न लावलेलाच बरा. पडद्यावर मराठी जोडाक्षरे मात्र फुटतात, ‘जन्मावर’चे ‘जन् मावर’ होते. शिवाय प्रतिध्वनी इतका वाढवून ठेवलेला असतो की आपलाच शब्द मागून येऊन पुढच्यावर आदळतो, तो आधीच सांगून कमी करून घ्यावा.