फिल्म सिटीजवळच्या खोलीसाठी गेलेले १४,६०० रुपये

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडच्या माणसाला मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडते. राष्ट्रीय महामार्ग ४४ तालुक्यातूनच जातो. पाटणबोरी आणि पिंपळखुटी मागे टाकून पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते आणि आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी करत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास हैदराबाद येते. पूर्वी आमच्याकडची मंडळी तिकडे मुख्यतः दवाखान्यासाठी जात. आता कापसाचे चुकारे हातात आले की लेकरांना रामोजी फिल्म सिटी दाखवून आणण्याचे बेतही ठरू लागले आहेत. अशा बेतात मुक्कामाची खोली शोधताना आमच्या कुटुंबाची जी फसवणूक झाली, ती पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून बारकाव्यांसह लिहीत आहे.

जानेवारीत प्रजासत्ताक दिन शनिवार-रविवारला लागून आला होता. शुक्रवारी पहाटे निघायचे, दोन रात्री राहायचे आणि मुलांचे झेंडावंदन चुकू नये म्हणून रविवारी रात्री घरी पोहोचायचे, असे ठरले. आम्ही दोघे, दोन मुले, गुडघ्यांनी त्रस्त असलेली माझी आई आणि मेहुण्याचे कुटुंब, एवढ्यांसाठी दोन मोठ्या खोल्या हव्या होत्या.

खोली कुठे घ्यावी हा प्रश्न फिल्म सिटीच्या बाबतीत साधा नाही. १९९६ साली सुरू झालेली आणि जगातील सर्वांत मोठे चित्रपट-स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात नोंद असलेली ही जागा हैदराबाद शहरात नसून विजयवाडा महामार्गावर शहराच्या पार बाहेर आहे. तिकीट-खिडकीपासून मुख्य भागापर्यंतदेखील त्यांच्याच बसने जावे लागते. सकाळी नऊच्या सुमारास आत शिरलेला माणूस संध्याकाळचे कार्यक्रम पाहून बाहेर पडतो, तेव्हा लेकरे पेंगलेली आणि म्हातारी माणसे थकलेली असतात. त्यामुळे ‘गेटजवळ खोली’ ही प्रत्येक कुटुंबाची पहिली मागणी असते आणि फसवणारे नेमके याच मागणीवर टपून बसलेले असतात. संकुलाच्या आत सितारा, तारा, शांतिनिकेतन अशी त्यांची स्वतःची हॉटेले आहेत. परंतु जोडसुट्टीमुळे तेथे आम्हाला परवडतील अशा खोल्या उरल्या नव्हत्या, म्हणून आम्ही बाहेरची पण जवळची जागा शोधू लागलो.

मोबाइलवर शोधताना सर्वांत वर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरांत लिहिलेली एक साइट आली. फिल्म सिटीच्या प्रवेशद्वारापासून पाच मिनिटांवर असलेले कौटुंबिक रिसॉर्ट, असे तिचे वर्णन होते. नकाशावरही त्याच नावाची खूण होती आणि तीसेक लोकांचे चांगले अभिप्राय होते. फोटोंत बाग, पोहण्याचा तलाव, चार पलंगांची खोली आणि नाश्त्याची टेबले दिसत होती. दर एका खोलीला एका रात्रीचे ३,६५० रुपये होता, म्हणजे फार स्वस्त नाही आणि महागही नाही. मुद्दाम सांगतो, कारण ‘फुकटच्या मोहाला भुलतात म्हणून फसतात’ असे लोक सहज बोलून जातात. आजूबाजूच्या खऱ्या लॉजांचे जोडसुट्टीतले दर याच्याच आगेमागे होते.

दिलेल्या क्रमांकावर फोन केल्यावर एक गृहस्थ अत्यंत अदबीने हिंदीत बोलले. किती माणसे, मुलांची वये काय, गाडी स्वतःची की भाड्याची, जेवण शाकाहारी का, हे सर्व त्यांनी विचारले. आईच्या गुडघ्यांचे सांगताच ‘माताजी के लिए नीचे का कमरा रखता हूँ, बाथरूम में पकड़ने का डंडा भी है’ असे म्हणाले. त्या एका वाक्याने घरातील सगळ्यांचा विश्वास बसला. निम्मी रक्कम आगाऊ मागितली. दुसऱ्या दिवशी, जोडसुट्टीमुळे व्यवस्थापनाने नियम बदलल्याचे सांगून उरलेली निम्मीही मागितली. अशा रीतीने १४,६०० रुपये दोन हप्त्यांत गेले.

पैसे पाठवताना पडद्यावर रिसॉर्टचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. मी विचारले, तेव्हा ‘मालिक का नाम है’ असे उत्तर मिळाले. येथे आपल्या खेड्यांतील एक सवय त्यांच्या पथ्यावर पडते. माझे स्वतःचे कृषी सेवा केंद्र आहे. आमच्या बाजारपेठेत किराणा दुकान एका नावाचे, क्यूआर कोड मालकाच्या नावाचा आणि खाते त्याच्या बायकोचे, हे रोजचेच आहे. त्यामुळे माणसाचे नाव पाहून आपल्याकडे कोणी दचकत नाही. ३० जून २०२५पासून यूपीआयवर पैसे जाण्याआधी बँकेत नोंदलेले खरे नाव दिसते. ती सोय चांगलीच आहे. मात्र हॉटेल म्हणून मिरवणाऱ्या जागेचे पैसे कोण्या माणसाच्या बचत खात्यात जात असतील, तर तेथेच हात आखडता घ्यावा, असे आता मी प्रत्येकाला सांगतो.

निघण्याच्या आदल्या रात्री दहाच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर बिल आले. वर बोधचिन्ह, खाली शिक्का, मध्ये जीएसटी क्रमांक. हे बिल पुढे मी बारकाईने तपासले, तेव्हा त्यात दोन गोष्टी आढळल्या. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, तेलंगणाचे ३६. या बिलावरचा क्रमांक ०८ने सुरू होत होता, म्हणजे राजस्थानचा. दुसरे असे की, एका दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५पासून पाच टक्के कर आहे. बिलात अठरा टक्के लावले होते. बोगस बियाण्याच्या पिशवीसारखेच हे बिल होते, छपाई अस्सलाहून सुबक आणि आत उगवण काही नाही. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कोणीही, खाते न उघडता, असा क्रमांक टाकून तो कोणाचा आहे ते पाहू शकतो. पैसे देण्याआधी जीएसटी क्रमांक मागून घ्यावा आणि लगेच पोर्टलवर पाहावा. द्यायला टाळाटाळ झाली तर बोलणे तेथेच थांबवावे.

शुक्रवारी आम्ही मेडचलजवळ बाह्यवळण रस्त्याला लागलो. स्वतःची गाडी असेल त्यांच्यासाठी हे उपयोगाचे आहे: हैदराबादभोवतीचा, एकूण १५८ किलोमीटर लांबीचा हा बाह्यवळण रस्ता (आउटर रिंग रोड) धरून पेद्दा अंबरपेटला उतरले की शहराची गर्दी न लागता थेट विजयवाडा महामार्गावर, फिल्म सिटीच्या अलीकडे निघता येते. तेथून नकाशाने आम्हाला एका आडरस्त्यावर नेले आणि ‘तुम्ही पोहोचला आहात’ असे सांगितले. समोर प्लॉट पाडलेले रान होते. पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे हद्दीचे खांब, मुरमाचे रस्ते, विक्रीचा तेलुगू फलक आणि एका टोकाला कुलूप लावलेली पत्र्याची खोली. जवळ शेळ्या राखणाऱ्या माणसाला मेहुण्याने फोटो दाखवला. त्याने हाताने नकार दिला आणि आमच्या गाडीच्या महाराष्ट्राच्या नंबरप्लेटकडे पाहत राहिला.

खरे सांगायचे तर अशा फसवणुकीत यापुढचा भाग अधिक धोक्याचा असतो. फोन बंद असेल असे वाटले होते, पण तो लागला. त्या गृहस्थांनी आवाजही न चढवता क्षमा मागितली, नकाशात चूक झाल्याचे म्हणाले आणि ‘आप परेशान मत होइए, पूरा पैसा अभी वापस करता हूँ’ असे सांगून दुसऱ्या, ‘अकाउंट विभागा’च्या माणसाकडे फोन दिला. त्याने यूपीआय अ‍ॅप उघडायला लावले, एक क्रमांक दिला आणि परताव्याचा कोड म्हणून ‘१४६०१’ हे पाच आकडे टाकायला सांगितले. हे आकडे ज्या चौकटीत टाकायचे होते, ती रकमेची चौकट होती. माझ्या पत्नीने शेजारून ते पाहिले आणि ‘अहो, हा कोड नाही, हे चौदा हजार सहाशे एक रुपये जात आहेत’ असे म्हणून फोन हातातून काढून घेतला. पैसे येण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन मागितला जातो तो पैसे जाण्यासाठीच. एरवी हे सर्वांना ठाऊक असते, पण लेकरे भुकेली आहेत, दिवस मावळतीला लागला आहे आणि समोरचा माणूस पैसे परत करायला निघाला आहे, अशा वेळी बोट आपोआप पुढे जाते. त्यांचा सारा डाव त्या घटकेसाठी मांडलेला असतो. त्यानंतर मात्र दोन्ही फोन बंद झाले.

आई तोवर गाडीतच बसून होती. ‘आता रस्त्यावरच झोपाचं का बाप्पा?’ एवढेच ती म्हणाली.

रस्त्याच्या कडेलाच गाडी लावून १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन केला. तेथे आपली कहाणी सांगण्यात वेळ घालवू नये. त्यांना दोन्ही व्यवहारांचे बारा अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ, आपली बँक आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा यूपीआय आयडी एवढेच हवे असते, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तो रोखण्याची त्यांची धडपड असते. दुसऱ्या हप्त्यातील काही रक्कम अशी अडकवली गेली. पहिला हप्ता कधीच पुढे निघून गेला होता. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर बिल, संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि साइटचा पत्ता जोडून तक्रारही भरली. गावातील काही जाणत्यांनी ‘गुन्हा हैदराबादचा, इथले पोलीस काय करणार’ असे ऐकवले, ते बरोबर नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी आपल्या जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. फसवणुकीचे कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयागिरी करून फसवल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ड लागते. तक्रार लिहून नेताना ही कलमे माहीत असली की आपण काय मागतो आहोत ते आपल्यालाही स्पष्ट राहते.

त्या रात्री आम्ही एल. बी. नगरला एका साध्या लॉजमध्ये राहिलो आणि मुक्कामासाठी तीच जागा मी आता सुचवतो. मेट्रोची लाल मार्गिका मियापूरहून तेथपर्यंत येते, जेवणाची सोय आहे, रात्री उशिरापर्यंत रहदारी असते आणि फिल्म सिटी त्याच महामार्गावर पुढे आहे. सकाळी थोडे लवकर निघावे लागते, एवढेच. रेल्वेने सिकंदराबादला उतरणाऱ्यांनी तेथेच खोली घेऊन रोज तेवढे अंतर कापण्यापेक्षा हे सोयीचे आहे. आतल्याच हॉटेलात राहायचे असेल, तर फिल्म सिटीच्या अधिकृत साइटवरूनच खोली घ्यावी आणि त्या साइटचा पत्ता स्वतः टंकित करावा, शोधात वर आलेल्या दुव्यावर बोट ठेवू नये.

खऱ्या-खोट्याची पारख फोटोंवरून होत नाही, अभिप्रायांवरूनही होत नाही. त्या रिसॉर्टचे सारे अभिप्राय पंधरवड्याच्या आत लिहिलेले होते आणि लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या कोणत्याही जागेबद्दल कधी एक ओळ लिहिलेली नव्हती. नकाशावरील फोन क्रमांकात बदल सुचवण्याची सोय कोणालाही असते, त्यामुळे खऱ्या हॉटेलाच्या नावापुढेही चोराचा क्रमांक असू शकतो. ज्या ठिकाणी त्या चोराचा हात पोहोचत नाही अशा मार्गाने जागेची खात्री केली, तरच तिला अर्थ आहे. आमच्या भागातील कोणी तेथे राहून आले असेल त्याच्याकडून क्रमांक घ्यावा, किंवा शेजारच्या एखाद्या धाब्याला, पेट्रोल पंपाला फोन लावून ‘तुमच्याजवळ या नावाचे हॉटेल आहे का’ असे विचारावे. हिंदी तिकडे बहुतेकांना समजते. व्हिडिओ कॉलवर फाटकापासून खोलीपर्यंत चालत दाखवा, असे म्हणावे. खऱ्या लॉजवाल्याला त्यात अडचण नसते. आणि जेथे पोहोचल्यावर पैसे घेतात अशी जागा थोडी दूर असली तरी पत्करावी.

अकोला-बुलडाण्याकडची मंडळी मुलांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला जातात, तेथेही सावध राहावे. उद्यानाला लागून मोठे हॉटेल आहे. बाकी खोल्या खोपोलीत किंवा घाट चढून लोणावळ्यात असतात आणि ‘जवळ’ हा शब्द जाहिरातीत लोणावळ्यापर्यंत ताणला जातो. ती फसवणूक नव्हे, पण ‘प्रवेशद्वाराशेजारी’ म्हणून आगाऊ पूर्ण पैसे मागणारा कोणी भेटला तर वरचे सारे आठवावे.

आमच्या तक्रारीत अडकवलेली रक्कम अजून खात्यात परतलेली नाही. ती सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज करण्याची तयारी सुरू आहे. ती जुनी साइट बंद झाली. गेल्या आठवड्यात तोच तलाव, तीच चार पलंगांची खोली आणि तीच नाश्त्याची टेबले दुसऱ्या नावाने, खोपोलीचा पत्ता लावलेल्या एका साइटवर दिसली. संशयितांची माहिती देण्याची सोय सायबर पोर्टलवर आहे, तेथे तिचा पत्ता आणि फोन क्रमांक नोंदवला आहे. हे लिहीत असताना ती साइट सुरूच आहे.