बॉक्सच्या गाईडपेक्षा केबलवाल्याचा कागद बरा

आमच्या केबलवाल्याने दुकानाच्या काचेला आतून एक कागद चिकटवलेला असतो. कोणता कार्यक्रम आता कोणत्या चॅनलवर गेला, त्याची यादी. महिन्याच्या सुरुवातीला नवीन कागद लागतो आणि त्याचाच फोटो गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. वेगळे पैसे नाहीत, कनेक्शनच्या पैशातच आलं. त्याने नाव टाकू नका म्हटलं म्हणून टाकत नाही. वरुड तालुक्यात आहे एवढं पुरे.

माझं स्टँडजवळ नाश्त्याचं हॉटेल आहे. सकाळी तर्रीपोहे, दुपारनंतर आलुबोंडे, आणि भिंतीवर टीव्ही. संत्र्याचे व्यापारी, गाडीवाले, कॉलेजातली पोट्टी, सगळे त्या टीव्हीपायी एक चहा जास्त घेतात. मॅच सुरू झाली आणि आमच्याकडे लागली नाही, की अर्धं हॉटेल समोरच्या पानठेल्यावर. त्यामुळे कोणती मॅच कुठे, हे मला गिऱ्हाईक यायच्या आधी माहीत असावं लागतं.

सप्टेंबर 2023 आठवून बघा. आशिया कप स्टारवर झाला. तो संपतो न संपतो तोच ऑस्ट्रेलियासोबतच्या तीन वनडे आल्या, त्या स्पोर्ट्स 18 वर आणि हिंदीतून कलर्स सिनेप्लेक्सवर, कारण भारतातल्या मालिकांचे हक्क तेव्हा नव्याने व्हायाकॉम 18 कडे गेले होते. मग 5 ऑक्टोबरला वर्ल्ड कप सुरू झाला तो पुन्हा स्टारवर, कारण आयसीसीच्या स्पर्धांचे हक्क वेगळे विकले जातात. पोरं तीच खेळतायत, आणि तीन आठवड्यांत घर दोनदा बदललं. तिकडे आंबिया बहाराचा संत्रा निघायची वेळ, हॉटेलात बसायला जागा नाही, आणि जो तो विचारतोय, "ओ वैनी, म्याच कुठं लावली?" सेट-टॉप बॉक्सचं गाईड, म्हणजे पडद्यावर दिसणारं चॅनलांचं वेळापत्रक, उघडलं तर स्टारच्या पट्टीत 'क्रिकेट' असं लिहिलेलं. लावलं की जुनी मॅच. कागदावर मात्र मोहालीच्या पहिल्या वनडेच्या आधीच दोन ओळी होत्या: 'ऑस्ट्रेलिया वनडे: स्टारवर शोधू नका, स्पोर्ट्स 18 / सिनेप्लेक्स. वर्ल्ड कप: स्टारवरच.'

मी त्याला म्हटलं, बॉक्समधलंच गाईड का नाही नीट करत? तो म्हणाला, "वैनी, थे वरून येते. मायाजवळ फक्त वायर अन् पावतीबुक हाये."

वरून म्हणजे कसं, तेही त्याने सांगितलं. चॅनलवाले आपापलं वेळापत्रक पाठवतात, कोणीतरी ते गोळा करून एका साच्यात बसवतं, मोठ्या केबल कंपनीच्या कंट्रोल रूममधून ते सिग्नलमध्ये सोडलं जातं, आणि आपला बॉक्स ते वाचून पट्ट्या दाखवतो. प्रत्येक पट्टी एका चॅनलची. कार्यक्रम दुसऱ्या कंपनीत गेला तर जुन्या चॅनलने ते का सांगावं? आपलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं, अशी पाटी कोणता दुकानदार लावतो! बॉक्समध्ये लावलेल्या रिमाइंडरचंही तेच, तो चॅनलच्या नंबरला आणि वेळेला चिकटलेला. ट्राय, म्हणजे टीव्ही-टेलिफोनवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या 2017 च्या नियमात चॅनलला दिलेला नंबर निदान वर्षभर बदलायचा नाही असं आहे, त्यामुळे नंबर जागच्या जागी राहतो आणि आतला कार्यक्रम निघून जातो. त्यात आमच्याकडे वीज गेली-आली की बॉक्स पहिल्यापासून सुरू, आणि गाईडमध्ये कितीतरी वेळ 'माहिती उपलब्ध नाही'.

आता कागद. झेरॉक्सच्या दुकानातून काढलेला साधा तक्ता आहे, चार रकाने: काय, आता कुठं, आधी कुठं होतं, कधीपासून. मला सगळ्यात आवडतो तो तिसरा रकाना. जुनं चॅनल केबलवाला खोडत नाही, नुसती आडवी रेघ मारतो, खालचं नाव वाचता येतं. माणूस शोधायला जातो तो जुन्याच जागी, तेव्हा जुनं नाव दिसलं की डोळा आपोआप शेजारच्या रकान्यात सरकतो. दुसरी गोष्ट पेन्सिलची. नुसती जाहिरात आली असेल, चॅनल बदलणार म्हणून ऐकलं असेल, तर तो पेन्सिलीने लिहितो. पहिला भाग स्वतः पडद्यावर पाहिला की त्यावरून पेन फिरवतो. फोटोतसुद्धा फरक कळतो, पेन्सिलीची ओळ फिकी येते. सगळ्यात खाली 'तपासलं' म्हणून तारीख.

चॅनल बदलणं एका प्रकारचं नसतं, हे मला या कागदामुळे कळलं. कौन बनेगा करोडपती 2000 साली स्टार प्लसवर सुरू झालं आणि 2010 मध्ये सोनीवर गेलं ते नाव घेऊनच. हे सोपं. आयपीएलही तसंच, 2017 पर्यंत सोनी, 2018 पासून स्टार. पण कपिल शर्मा 2016 मध्ये कलर्सवरून सोनीवर गेला तेव्हा आधीच्या कार्यक्रमाचं नाव मागेच राहिलं, सोनीवर नवीन नावाने सुरू झाला. गाईडमध्ये जुनं नाव शोधणारा काय करणार? 2024 मध्ये तो नेटफ्लिक्सवर गेला, तिथे तर आमच्या केबलवाल्याची वायरच पोचत नाही. तरी कागदावर ओळ आहे: 'कपिल: टीव्हीवर नवीन नाही. जुने भाग लागतात, नवीन समजू नका.'

नीलेश साबळेचं आणखी वेगळं. झी मराठीवरचं चला हवा येऊ द्या 2024 मध्ये थांबलं आणि साबळे कलर्स मराठीवर दुसऱ्याच नावाचा कार्यक्रम घेऊन आले. पुढच्या वर्षी झीने चला हवा येऊ द्या पुन्हा सुरू केलं, पण सूत्रसंचालनाला अभिजीत खांडकेकर. म्हणजे नाव एकीकडे, माणूस दुसरीकडे. केबलवाल्याने तेव्हा दोन ओळी केल्या होत्या, एक कार्यक्रमाच्या नावाची आणि एक साबळेच्या नावाची. आमच्या सासूबाई माणूस बघतात, कार्यक्रमाचं नाव त्यांना कधी सांगता येत नाही, त्यांच्यासाठी दुसरी ओळ कामाची.

आणि कधी चॅनलच नाव बदलतं. ईटीव्ही मराठीचं कलर्स मराठी होऊन 2015 पासून इतकी वर्षं झाली, घरात अजूनही 'ईटीव्ही लाव' असंच म्हणतात. म्हणून कलर्स मराठीच्या खाली बारीक अक्षरात 'जुनं ईटीव्ही' असतं. 2025 मध्ये स्पोर्ट्स 18 हे नावच गेलं आणि भारतातल्या मॅचेस परत स्टारच्या नावाखाली आल्या, तेव्हा त्या रकान्यात रेघेवर रेघ झाली होती. त्याच वर्षी आशिया कप स्टारवरून सोनी स्पोर्ट्सवर. मी तर क्रिकेटच्या ओळींपुरता फोटो वेगळा काढून काउंटरला लावला.

एक ओळ आमच्याकडे फार उपयोगी पडते. शेतावर डिशची छत्री असलेली मंडळी छातीठोकपणे सांगतात, भारताची मॅच डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसते. त्यांचं खोटं नाही. 2007 च्या कायद्याने महत्त्वाच्या मॅचेसचा सिग्नल प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, द्यावा लागतो. पण तो दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रसारणासाठी आणि फ्री डिशसाठी, म्हणजे दूरदर्शनच्याच फुकट छत्रीसेवेसाठी, खाजगी केबलसाठी नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं. या भानगडीवर हॉटेलात किती वाद झाले असतील! कागदावर: 'डीडी स्पोर्ट्सवर मॅच: छत्रीवाल्यांना. आपल्याला नाही.'

आता जे पटत नाही तेही सांगते. त्याच्या घरी जे बघतात आणि गिऱ्हाईक ज्यासाठी भांडतात, तेवढंच कागदावर येतं. क्रिकेट, हास्याचे कार्यक्रम, करोडपती, रोजच्या ठळक मालिका. लहान मुलांचं काही नाही, कीर्तनाचं नाही. मालिका त्याच चॅनलवर राहून नुसती वेळ बदलली, साताची साडेसाताला गेली, तर ते फार उशिरा कळतं. बायकांनी ग्रुपवर बोंब मारली की मग दुरुस्ती. मोबाईलचा रकाना अजून नाही. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात टीव्हीवर मॅच सोनीवर होती आणि मोबाईलवर जिओहॉटस्टारवर, कॉलेजच्या पोट्ट्यांचा त्यात गोंधळ उडाला. आणि दिवाळीच्या सुमारास लाईनची कामं निघतात, तेव्हा कागद जुनाच राहतो. खालची तारीख बघूनच विश्वास ठेवायचा.

मोठी तक्रार एकच. 2019 पासून चॅनल निवडून पैसे द्यायचे झाले. कार्यक्रम दुसऱ्या कंपनीच्या चॅनलवर गेला म्हणजे ते चॅनल आपल्या पॅकमध्ये असेलच असं नाही. तो 'पॅकमध्ये बघा' एवढंच लिहितो. बघा म्हणजे काय, मी दुकान सोडून त्याच्याकडे येऊ? महिन्याला किती जास्त पडतील ते शेजारी लिही, असं मी सांगून पाहिलं. तर म्हणे, "वैनी, भाव बदलत राह्यते, मी लिहू किती अन् पुसू किती?" पेन्सिलीने लिही म्हटलं. हसला, अजून काही लिहिलेलं नाही.