साडेसतरा हजारांचा जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स आणि बी.एस्सी. संगणकशास्त्र : अकरा महिन्यांनंतर

एफवाय, म्हणजे पहिलं वर्ष, संपलं तेव्हा घरात एकच विषय होता, पोरीला लॅपटॉप कोणता घ्यायचा. मामा म्हणाले, कॉम्प्युटरला आहे तर साठ-पासष्ट हजारांचा गेमिंगवाला घ्या, हप्ते पडतील. आमच्या द्राक्षबागेची खरड छाटणी (उन्हाळ्यातली छाटणी) नुकतीच झाली होती, मजुरीचे पैसे गेले होते, आणि हंगामाचा पैसा यायला पुढचा फेब्रुवारी उजाडणार होता. हप्ता नको, हे मीच पप्पांना सांगितलं. नाशिकला एमजी रोडवर जाऊन कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, २०१७ च्या सुमाराचा बिझनेस लॅपटॉप घेतला. इंटेल आय ५, सातवी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, १७,५०० रुपये.

त्यात विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि विंडोज ११ साठी अधिकृत यादीत साधारण आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर आहेत. म्हणून पहिल्याच आठवड्यात एका सीनियर ताईकडून पेनड्राइव्ह आणून लिनक्स मिंट २२ ही विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात, म्हणजे माझी डिग्री होऊन वर उरतं. कॉलेजच्या लॅबमध्येही लिनक्सच आहे. त्यामुळे लॅबमध्ये अर्धवट राहिलेला प्रोग्राम घरी जसाच्या तसा चालतो. सी भाषेतले प्रोग्राम चालवण्याजोगे करणारा कंपायलर जीसीसी आणि डेटाबेस, म्हणजे माहिती टेबलांत साठवायचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस, दोन्ही फुकट आणि एकेका कमांडमध्ये बसतात.

सगळ्यात आधी बॅटरी, कारण फसगत तिथेच झाली. दुकानात चार तास सांगितले होते, घरी पावणेदोन तासही चालेना. लिनक्समध्ये बॅटरीची माहिती उघडल्यावर कळलं : मूळ क्षमता ४८ वॉट-अवर, आता भरते जेमतेम १९. आमच्याकडे निफाडच्या बाजूला लाइट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे २,६०० रुपये घालून नवी बॅटरी टाकावीच लागली. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांना कळकळीने सांगते, पैसे देण्याआधी लिनक्सचा पेनड्राइव्ह सोबत न्या. काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप चालू होतो. बॅटरीची खरी क्षमता, वायफाय, कॅमेरा, कीबोर्डचं एकेक बटण, सगळं दुकानातच पाहून घ्या. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

आता अभ्यासाचं. कॅशे मेमरी, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी, मी एफवायला पाठ केली होती, कळली ती या लॅपटॉपवर. सीमध्ये दहा हजार बाय दहा हजारचा इंटिजर ॲरे (पूर्णांकांचा तक्ता) घेतला, म्हणजे ४० कोटी बाइट. सगळ्या घरांत आकडे भरले आणि बेरीज दोन प्रकारे केली : एकदा ओळीओळीने, एकदा स्तंभास्तंभाने. बेरजा तितक्याच, उत्तर तेच, पण स्तंभांच्या बेरजेला चार-पाच पट वेळ लागला. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही, एका वेळी ६४ बाइटची रांग कॅशेमध्ये आणतो, म्हणजे सोळा इंटिजर. ओळीतले आकडे मेमरीत शेजारी-शेजारी असतात, म्हणून ओळीने गेलं की सोळाच्या सोळा कामी येतात. स्तंभाने गेलं की एक वापरायचा आणि पंधरा वाया. द्राक्षाच्या ओळीत एका वेलीचा घड तोडून लगेच पुढच्या ओळीत पळायचं, तसंच हे. त्या रात्री मी तो प्रोग्राम वीसेक वेळा चालवला असेन.

दुसरी गोष्ट मराठीने शिकवली. पप्पांच्या प्लॉटची नावं साठवायला स्ट्रक्चरमध्ये (सीमधल्या एकत्र बांधलेल्या नोंदीत) वीस बाइटची जागा ठेवली होती, शेजारी एकराचा आकडा. आधी भरलेला एकराचा आकडा ‘विहिरीवरचा’ हे नाव टाकलं की भलताच दिसायचा. दोन दिवस डोकं धरून बसले. मग शब्दाची लांबी बाइटमध्ये मोजणाऱ्या स्ट्रलेनला ‘नाशिक’ दिलं, तर उत्तर १५! यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं आणि काना-वेलांटीही वेगळी मोजली जाते. ‘विहिरीवरचा’ म्हणजे तीस बाइट आणि शब्द संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्य. वीसच्या जागेत ते मावलं नाही आणि शेजारच्या आकड्यावर सांडलं. इंग्रजी नावं टाकली असती तर ही चूक माझ्या कधी लक्षातच आली नसती.

मग फवारणीची नोंद पोस्टग्रेसमध्ये नेली. पप्पांच्या डायरीत एकच औषध तीन प्रकारे लिहिलेलं होतं. नॉर्मलायझेशन, म्हणजे एक माहिती एकाच जागी ठेवणं, कशासाठी, ते मला त्या डायरीने समजावलं. प्लॉट, औषध, फवारणी असे तीन टेबल केले. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, तो आकडा औषधाच्या टेबलात एकदाच ठेवला. तारखेत दिवस मिळवले की पोस्टग्रेस थेट तारीख देतं. फेब्रुवारीत पप्पांनी विचारलं, “सोमवारी व्यापारी येतोय, विहिरीवरचा देऊ का?” क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, म्हणाली, गुरुवारच्या आधी नको. पप्पांनी डायरी काढून बोटावर दिवस मोजले, आणि व्यापाऱ्याला फोन करून गुरुवारचं ठरवलं.

जमत नाही तेही सांगते. अँड्रॉइडचा एम्युलेटर (लॅपटॉपवरच फोनची नक्कल चालवणारं सॉफ्टवेअर) ८ जीबीवर रडतो, म्हणून मी केबलने फोन जोडून ॲप तपासते. स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची आहे, कोड आणि नोट्स शेजारी ठेवले की डोळे ताणतात. एका कंपनीच्या ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत होतं, ती परीक्षा पंचवटीत मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन दिली. रोजच्या एसटीत लॅपटॉपचं वजन खांद्याला जाणवतं. कीबोर्ड मात्र इतका चांगला आहे की लॅबमधल्या कीबोर्डवर आता हात बसत नाही.

ज्यांना गेमिंग, व्हिडिओ किंवा मशीन लर्निंगची मोठी मॉडेलं स्वतःच्या मशीनवर चालवायची आहेत, त्यांनी हा घेऊ नये. बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांना तो पुरून उरतो. टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) प्रोजेक्टसाठी मी आणखी ८ जीबी रॅम टाकणार आहे. मागचं झाकण उघडून पाहिलंय, दुसरा स्लॉट रिकामा आहे.