चार पानी शालेय वार्तापत्र: जून ते मार्च, नऊ अंकांनंतरचा अनुभव

नाशिक शहरातली पहिली ते चौथीची शाळा, पट साधारण २५०. दर महिन्याला एक वार्तापत्र: ए-थ्री कागद मधोमध दुमडला की ए-फोर आकाराची चार पानं होतात, त्याची काळी-पांढरी झेरॉक्स आणि प्रत्येक दप्तरात एक प्रत. शाळा जूनच्या मध्याला उघडते, त्यामुळे पहिला, म्हणजे जूनचा, अंक जुलैच्या पहिल्या शनिवारी हातात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक काढावा लागला, कारण प्रथम सत्राची परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी यांच्यामध्ये वेगळा अंक बसत नाही. असे मार्चअखेर नऊ अंक झाले. निकाल आधीच सांगतो: हे चालू ठेवण्यासारखं आहे. पहिले तीन अंक मात्र वाया गेल्यात जमा होते. पुढचे सहा सुधारले ते छपाईमुळे नव्हे, तर बातमी कशाला म्हणायचं हे बदललं म्हणून.

पहिल्या तीन अंकांत वृक्षारोपण ‘उत्साहात संपन्न’ झालं, पालकसभा ‘खेळीमेळीत’ पार पडली, पाहुण्यांचं स्वागत झालं, आभार मानले गेले. पालकांनी आपल्या मुलाचं नाव शोधलं आणि कागद बाजूला ठेवला. मुलांनी तर उघडलाही नाही. चौथ्या अंकापासून ‘उत्साहात’ हा शब्द बंद केला आणि प्रत्येक वर्गात बातमीपेटी ठेवली. ए-फोर कागदाचे चार तुकडे करून चिठ्ठ्या करायच्या, प्रत्येक चिठ्ठीवर पाच रकाने: काय, कुठे, केव्हा, किती, कोणी पाहिलं. खरी किमया ‘किती’ची. तो रकाना भरायचा म्हणजे मुलाला मोजावं लागतं, आणि मोजायचं म्हणजे जवळ जाऊन बघावं लागतं. तिसरीच्या पेटीतली एक चिठ्ठी अशी: ‘मंगळवार सकाळी साडेआठ. बाटलीत ३४ मिमी. काल १२ होतं. लंगडी बंद. जांभळाखाली गांडुळं १९ मोजली मग घंटा झाली.’ यातला एकही शब्द बदलला नाही. तिच्या शेजारी वृक्षारोपणाचा जुना मजकूर ठेवून पाहा, फरक आपोआप दिसतो.

चिठ्ठीतली ती बाटली म्हणजे शाळेचं पर्जन्यमापक. पावसाळी अंकांत सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं सदर तेच, म्हणून त्याबद्दल नीट लिहितो. सरळ भिंतीची दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्यायची, मान जिथे अरुंद व्हायला लागते तिथे कापायची, वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. बाटलीचा बूड सपाट नसतो, त्याला फुगवटे असतात. तसंच मोजलं तर पहिले काही मिलिमीटर चुकतात. म्हणून तळाशी खडे घालून, सरळ भिंत सुरू होते तिथपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. पट्टी त्या रेघेपासून चिकटवायची. तोंडाची रुंदी आणि बाटलीची रुंदी सारखी असेल तर पट्टीवरचा आकडा हाच पावसाचा आकडा, गणित करावं लागत नाही. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा धरतात, आपणही तीच वेळ पाळायची.

चुका ठरलेल्या आहेत. बाटली झाडाखाली किंवा पत्र्याच्या पागोळीजवळ ठेवली की आकडा खोटा येतो. मोकळ्यावर, विटांच्या आधाराने ठेवावी. रविवारी मोजायला कोणी नसतं, तेव्हा सोमवारच्या आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा’ असं लिहायचंच, नाहीतर तक्त्यात सोमवार कायम भिजलेला दिसतो. रोज वाचन झाल्यावर पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणायचं, हे काम वारांप्रमाणे वाटून द्यावं. ज्यांचे नातेवाईक त्र्यंबकेश्वरला आहेत अशा मुलांना तिथला आकडा विचारायला सांगितला, आणि घाटाजवळ पाऊस शहरापेक्षा जास्त का पडतो यावर पाऊण पान आपोआप तयार झालं.

गोदावरीला पाणी आलं की नाशिकमध्ये सगळे दुतोंड्या मारुतीबद्दलच, म्हणजे नदीपात्रातल्या उंच मूर्तीबद्दलच विचारतात: गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का? मुलांच्या चिठ्ठ्यांतही तेच येतं. इथे एक नियम कडक ठेवावा. पुराची बातमी मुलांनी काठावर जाऊन आणायची नाही, वर्तमानपत्रातून घ्यायची आणि खाली त्या अंकाची तारीख लिहायची. गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये छापून येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. शाळेच्या बादलीत १४ लिटर मावतात, म्हणजे सेकंदाला दोन बादल्या. ही चौकट छापली त्या महिन्यात चौथीच्या मुलांनी हजार क्युसेकच्या बादल्या स्वतःच काढल्या.

आता कागद आणि छपाई. पानांची मांडणी बहुतेकांची पहिल्यांदा चुकते. कागदाच्या एका बाजूला डावीकडे पान ४ आणि उजवीकडे पान १. दुसऱ्या बाजूला डावीकडे २, उजवीकडे ३. दुकानात दोन्ही बाजूंची झेरॉक्स सांगताना कागद आखूड कडेवर उलटायचा असं स्पष्ट सांगावं. लांब कडेवर उलटला तर आतली पानं डोकं खाली येतात. सोबत एक कोरा कागद दुमडून, त्यावर पानांचे आकडे टाकून द्यावा. दुकानदाराला समजावण्यात जो वेळ जातो तो या नमुन्याने वाचतो. आधी एकच प्रत काढून, दुमडून बघायची, मगच बाकीच्या.

समास चारही बाजूंनी १५ मिमी. घडीच्या रेषेवर मजकूर किंवा गडद चित्र नको, तिथे टोनर (झेरॉक्सची कोरडी शाई) भेगाळतो आणि दोन आठवड्यांत अक्षरं झडतात. पानावर दोन स्तंभ, मध्ये ६ मिमी जागा, म्हणजे प्रत्येक स्तंभ ८७ मिमीचा. अक्षर १४ पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट. यापेक्षा कमी ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. चित्रं धरून एका पानात जेमतेम २०० शब्द बसतात, अंकात ८००. इतकं थोडं आहे हे आधी कळत नाही, आणि मग शेवटच्या दिवशी अक्षर लहान करून मजकूर कोंबला जातो. पहिलीतल्या मुलाला तो अंक वाचता येत नाही. मजकूर कापावा, अक्षर लहान करू नये.

फॉन्ट युनिकोडच हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की त्याची गिचमीड होते. दुसरी गोष्ट बारीक आहे, पण पहिलीच्या वर्गासाठी फार महत्त्वाची: मुलं पाटीवर पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ गिरवतात, आणि अनेक फॉन्ट हिंदी वळणाचे ल-श दाखवतात. वाचायला नुकतंच शिकलेलं मूल त्या अक्षरापाशी अडतं. टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट मराठी वळणाचाच आहे. मथळ्यांसाठी मुक्ता किंवा बालू चालतात. ठळक अक्षर झेरॉक्समध्येही स्वच्छ उठतं.

चित्रांच्या बाबतीत झेरॉक्स निर्दय आहे. पेन्सिल जवळजवळ पुसली जाते, पिवळा आणि फिका निळा खडू दिसतच नाही, लाल मात्र काळा होतो. मुलांना पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या पेनने काढू द्यावं. पेन्सिलचं चित्र असेल तर त्याच मुलाने वरून काळं गिरवावं, शिक्षकांनी नव्हे. ओळी सरळ याव्यात म्हणून कोऱ्या कागदाखाली जाड रेघांचा कागद ठेवायचा. फोटो अंकात दोनच, आणि ते आधी उजळ करून. गडद फोटोत सगळे चेहरे काळे पडतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावेत, साधे पाठवले की बारीक होऊन येतात.

शाळेतल्या इंक टँक प्रिंटरवर सगळ्या प्रती काढण्याचा प्रयोग दोन अंकांत सोडावा लागला. ए-फोरच्या वर कागद जात नाही, म्हणजे दोन सुटे कागद आणि पिना आल्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद वळतो, दोन-दोन एकदम ओढले जातात. आणि रंगीत शाई पाण्याने फुटते. ओल्या दप्तरातून घरी पोचेपर्यंत मुखपृष्ठाचे डाग झालेले असतात. टोनरला पाण्याचं भय नाही. कागद ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) घ्यावा, ७० मध्ये मागच्या पानाची सावली दिसते. ५०० कागदांचं रिम २५० पटाला दोन अंक पुरत नाही, कारण दर अंकाला दहा-पंधरा कागद वाया जातातच. रिम पावसाळ्यात फरशीवर ठेवू नये आणि वेष्टन छपाईच्या दिवशीच फोडावं.

वेळापत्रक असं टिकलं: २० तारखेला पेट्या उघडायच्या, २२ ला निवड, २४ पर्यंत टायपिंग, २६ ला मुद्रितशोधन, २८ ला झेरॉक्स, पहिल्या शनिवारी वाटप. शनिवारी सकाळची शाळा आणि दप्तर हलकं, त्यामुळे कागद चुरगळत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपतीच्या आसपास हे कोलमडतं, तेव्हा सगळ्या तारखा चार दिवस अलीकडे ओढाव्यात, पलीकडे ढकलू नयेत.

निवडीत अन्याय नकळत होतो. सुंदर अक्षराची तीच आठ-दहा मुलं दर महिन्याला येतात. उपाय हजेरीपटाचा: नऊ अंक, २५० मुलं, म्हणजे दर अंकात २८ नावं, पानाला सात. छापून आलं की नावापुढे टिकली. डिसेंबरमध्ये पट काढून कोरी नावं बघायची आणि जानेवारीच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडून मुद्दाम मागायच्या. जी मुलं लिहीत नाहीत त्यांची बातमी तोंडी घेऊन कोणीतरी उतरवून घ्यावी. लांब उडीचा आकडा सेंटिमीटरमध्ये, परसबागेत निघालेली मेथी, वाचनालयातून घरी नेलेलं पुस्तक, काहीही चालतं.

शुद्धलेखन सुधारावं, बोली सुधारू नये. बागलाण-मालेगावकडून आलेल्या घरांत अहिराणी असते. चिठ्ठीत ‘आंडेर’ आलं तर ते तसंच ठेवून खाली ‘म्हणजे मुलगी’ एवढं लिहावं. फेब्रुवारीच्या अंकात २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनानिमित्त असे शब्द गोळा केले. कुसुमाग्रजांच्या जयंतीचा हा दिवस, आणि ते आपल्या नाशिकचे. त्यामुळे भाषणाच्या बातमीपेक्षा घराघरांतून आलेले शब्द हेच त्या पानाला शोभून दिसले.

संमतीपत्र जूनमध्येच घ्यावं, आणि त्यात दोन वेगळे रकाने हवेत: छापील अंकात फोटो चालेल का, आणि पीडीएफ पालकांच्या गटावर गेली तर चालेल का. अनेक पालक पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणतात, ते योग्यच आहे. गटावर गेलेला कागद पुढे कुठे जाईल यावर शाळेचा ताबा नसतो, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. फोटोखाली पूर्ण नाव देऊ नये. नाव आणि इयत्ता पुरे. सहलीची बातमी सहल झाल्यावरच छापावी.

शेवटच्या पानाबद्दल एक गोष्ट उशिरा लक्षात आली. पालक पुढच्या महिन्याच्या तारखांची चौकट फाडून भिंतीवर लावतात. ती पान ४ वर खाली असते, म्हणजे तिच्या मागे पान ३ चा खालचा भाग. तिथे मुलाची कविता असली तर तीही फाटते. आता तिथे शब्दकोडं असतं, ज्याचं उत्तर पुढच्या अंकात येतं.

फलकावरची प्रत मुलांच्या नजरेला, जमिनीपासून १०० ते ११० सेंमीवर लावावी. आणि दोन प्रती फाइलमध्ये. फाइल करताना मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. टोनर काही महिन्यांत प्लास्टिकला चिकटतो आणि कागद बाहेर काढताना अक्षरं पिशवीवरच राहतात. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या घ्याव्यात, किंवा सरळ पुठ्ठ्याच्या खोक्यात सपाट ठेवावं, प्रत्येक दोन अंकांमध्ये एक कोरा कागद घालून.