मुलांच्या वाटा कधी वेगळ्या करायच्या?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाने बालवाडीपासून बारावीपर्यंत शाळा काढायचं ठरवलंय. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची 5+3+3+4 ही चौकट (बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी, मग पाचवीपर्यंत, आठवीपर्यंत, बारावीपर्यंत) आहेच, पण तिच्या आत काय भरायचं यावर सभासदांचं एकमत होत नाही. काहींना जर्मनीचा नमुना हवा, काहींना फिनलंडचा.

जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षीच, मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात. पुढे व्यवसायाकडे वळलेला मुलगा आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत बसतो, उरलेले दिवस कारखान्यात हाताने शिकतो आणि त्याचा मोबदलाही त्याला मिळतो. हा दुसरा भाग मला मनापासून पटतो. मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर असताना आपली मुलं बारावीपर्यंत लेथ मशीन फक्त चित्रात का बघतात? पण दहाव्या वर्षीची वाटणी मला मान्य नाही. त्या वयात मुलाचे गुण कमी आणि घरातली पुस्तकं जास्त दिसतात. पोळ्या लाटून घर चालवणाऱ्या बाईच्या मुलीची वाट चौथीतच ठरून जाईल.

फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते, त्याआधी एक वर्ष पूर्वतयारीचं. मग नऊ वर्षं सगळी मुलं एकाच वर्गात. सोळाव्या वर्षी वाटा फुटतात, तरी व्यवसायाची वाट धरलेल्याला उच्च शिक्षणाचं दार उघडं राहतं. 2021पासून शिक्षण अठराव्या वर्षापर्यंत सक्तीचं आहे. आपल्याकडे गुजरातेत 2023-24पासून 1 जूनला सहा पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत घेत नाहीत, तर ‘वर्ष वाया गेलं’ म्हणून पालक हळहळतात. वाया कसलं? मातीत, गाण्यात, गोष्टींत गेलेलं ते वर्ष पुढच्या सगळ्या वाचनाचा पाया आहे.

म्हणून माझं मत असं: दहावीपर्यंत फिनलंड, पुढची दोन वर्षं जर्मनी. यात बडोद्याला परकं काही नाही. सयाजीराव महाराजांनी 1906मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि त्याच्या सोळा वर्षं आधी, 1890मध्ये, कलाभवन या तंत्रशाळेत रंगकाम, सुतारकाम शिकवायला सुरुवात झाली होती.

पैसे मात्र आधी बालवाडीवर घाला. तिथल्या बाईंचा पगार बारावीच्या शिक्षकाइतका ठेवायला सभासद तयार असतील, तर बाकीचा आराखडा मी लिहून देते.